साइनच्या माथ्यावरचा ‘उणे एक’ उतरवा : गणिताच्या पाठ्यपुस्तककारांना खुले पत्र

गणिताच्या पाठ्यपुस्तकांचे लेखक, संपादक आणि प्रश्नपत्रिका काढणारे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

त्रिकोणमितीय फले कोणत्या चिन्हांनी लिहावीत याविषयी गणितज्ञांच्या आवडीनिवडी पहिल्यापासून वेगवेगळ्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांशी माझे काहीही भांडण नाही. हे पत्र एकाच लकबीबद्दल आहे. एखाद्या संख्येवरून तिचा साइन ज्या कोनाचा आहे तो कोन परत काढून देणारे जे फल, ते आपण ‘साइन⁻¹’ असे, म्हणजे साइनच्या माथ्यावर उणे एक ठेवून, छापता. ही पद्धत पुढच्या आवृत्तीपासून बंद करावी, त्या जागी आर्कसाइन, आर्ककॉस, आर्कटॅन ही नावे वापरावीत आणि प्रत्येक नावाशेजारी त्या फलाची व्याप्ती (त्याची उत्तरे कुठून कुठपर्यंत धरायची ते) छापावी, एवढीच माझी विनंती आहे.

कशाबद्दल मी तक्रार करत नाही तेही आधीच सांगतो, म्हणजे वाद भलतीकडे जाणार नाही. रशियन पुस्तकांत टॅन्जंट ‘टी-जी’ अशा दोन अक्षरांत लिहितात. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इटालियन पुस्तकांत साइनच्या जागी ‘सेन’ असते. कोसीकंटसाठी कोणी तीन अक्षरे वापरतो, कोणी पाच. अपास्तीय (हायपरबोलिक) फलांसाठी फ्रेंच वर्गांत ‘एस-एच’, ‘सी-एच’ अशी दोन अक्षरे पुरतात, इतरत्र साइनच्या शेपटाला ‘एच’ जोडतात. हे सगळे भेद बोलीतल्या हेलांसारखे आहेत. नवा वाचक क्षणभर थबकतो, मग सरावतो, आणि एकदा सरावला की चुकत नाही, कारण त्या त्या पुस्तकात त्या चिन्हाचा अर्थ एकच असतो. ‘साइन⁻¹’ची गोष्ट वेगळी आहे. तिथे वाचक सरावतो तो दुसऱ्याच अर्थाला, आणि तो अर्थही त्याला आपल्याच पुस्तकाने आदल्या पानावर शिकवलेला असतो.

उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला हे नेहमी दिसते. प्रश्न असतो : साइन⁻¹ क्ष चे विकलन करा. अपेक्षित उत्तर आहे, १ भागिले (१ − क्ष²) चे वर्गमूळ. विद्यार्थिनी लिहिते की साइन⁻¹ क्ष म्हणजे १ भागिले साइन क्ष, म्हणजेच कोसेक क्ष, आणि म्हणून उत्तर ‘उणे कोसेक क्ष गुणिले कॉट क्ष’. तिचे विकलन बिनचूक आहे. कोसेकचे विकलन करताना उणे चिन्ह विसरणारे पुष्कळ असतात, ती तेही विसरलेली नाही. चुकली ती फक्त पहिल्या ओळीतली वाचणी, आणि ती वाचणी तिने हवेतून आणलेली नाही. साइन² क्ष म्हणजे साइन क्ष चा वर्ग, साइन³ क्ष म्हणजे साइन क्ष चा घन, हे तिला पाठ आहे. क्ष⁻¹ म्हणजे १ भागिले क्ष हे तर तिला घातांकांच्या प्रकरणापासून माहीत आहे. या दोन नियमांची बेरीज करून तिने जे केले ते कोणीही सावध वाचणाऱ्याने केले असते. नियमाप्रमाणे तिला शून्य गुण द्यावे लागतात, पण ते शून्य तिच्या गणिताला नसून आपल्या छपाईला असते.

यावर एक ठरावीक उत्तर मिळते, की उणे एक हा अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवायचा असतो. अपवाद किती अरुंद आहे ते मात्र पाहण्यासारखे आहे. सोन्याच्या पातळ पत्र्यावर आदळणारे अल्फा कण कोणत्या कोनात किती विखुरतील हे सांगणारे रदरफर्ड यांचे १९११ सालचे सूत्र घ्या. विखुरण्याच्या कोनाच्या निम्म्याचा जो साइन, त्याचा चौथा घात त्या सूत्रात छेदात येतो. भौतिकशास्त्रज्ञ तो कधी कोसेकच्या चौथ्या घाताने दाखवतात, तर कधी सरळ साइनच्या माथ्यावर उणे चार ठेवतात, आणि तिथे त्याचा अर्थ निखळ घात एवढाच असतो. म्हणजे साइनच्या माथ्यावर दोन, तीन, चार, उणे दोन, उणे चार यांपैकी काहीही असले तरी तो घातांक, आणि घातांकांच्या या संपूर्ण रांगेत उणे एक या एकाच जागी मात्र अर्थ पालटतो. शिवाय आर्कसाइनचाच वर्ग लिहायची वेळ आली की पंचाईत होते. विकलनाच्या सरावप्रश्नांत तो वर्ग वरचेवर येतो, आणि तो ‘साइन⁻²’ असा लिहिता येत नाही म्हणून कंस घालून, कंसाबाहेर २ लिहावा लागतो. ज्या चिन्हपद्धतीत स्वतःच्याच पदार्थाचा वर्ग करता येत नाही तिला सोयीची कशी म्हणायची?

ही अडचण आली कुठून, हे पाहिले तर दोष कोणा एकाचा नाही असे दिसते. डॅनियल बर्नूली यांनी १७२९ मध्ये या फलासाठी ‘ए-एस’ अशी अक्षरे वापरली होती, त्यातला ‘ए’ आर्कचा, म्हणजे वर्तुळकंसाचा. ऑयलर यांनी १७४८ च्या आपल्या विश्लेषणावरील ग्रंथात साइन आणि कोसाइन यांना वर्तुळातल्या रेषांच्या जोखडातून सोडवून संख्यांची फले म्हणून वागवले, आणि आज आपण जी संक्षिप्त नावे लिहितो ती त्यांच्यामुळे रूढ झाली. तोवर माथ्यावरच्या उणे एकाचा पत्ता नव्हता. तो रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखातून पुढे आला. लेखक होते जॉन हर्शेल, पुढे खगोलशास्त्रज्ञ म्हणून नावाजले गेलेले, तेव्हा विशीत असलेले. हे चिन्ह व्यस्तांक, म्हणजे १ भागिले साइन, म्हणून वाचू नये अशी सूचनाही त्यांनी तिथेच दिली होती. नवे चिन्ह जन्मतःच खुलासा सोबत घेऊन आले आणि तो खुलासा आपण आजही वर्गात देत आहोत.

परंतु हर्शेल यांच्यावर अन्याय होता कामा नये. त्यांचा विचार पूर्ण होता. विकलनाचे चिन्ह दोनदा लावले की त्याच्या माथ्यावर २ लिहितात. तसेच साइन दोनदा लावला, म्हणजे साइनचा साइन काढला, तर त्याला साइन² म्हणावे, लॉगचा लॉग काढला तर लॉग² म्हणावे, आणि मग उलट दिशेने एक पाऊल म्हणजे साइन⁻¹, अशी त्यांची मांडणी होती. साइनचा वर्ग हवा असेल तर पूर्ण साइन क्ष ला कंस घालून बाहेर २ लिहावा, हेही त्या मांडणीतच येते. दुसरीकडे गाउस यांचे मत पाहा. खगोलशास्त्रज्ञ शूमाखर यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी साइन² हे लेखन आपल्याला अगदी नावडते असल्याचे स्पष्ट सांगितले आहे, लाप्लास यांनी ते वापरले असले तरीही. त्यांचे कारण हेच, की सादृश्याने पाहिले तर त्याचा अर्थ साइनचा साइन असा व्हायला हवा. वर्ग दाखवायचा तर कंस घालावा. म्हणजे हर्शेल आणि गाउस या मुद्द्यावर एकाच बाजूचे आहेत. आपण मात्र हर्शेल यांच्याकडून उणे एक घेतला, लाप्लास यांच्याकडून दोन घेतला, आणि परस्परांना छेद देणारे दोन नियम एकाच चिन्हाच्या माथ्यावर बसवले.

आता आपल्यापैकी तर्काला चिकटून राहणारे म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे मला सगळ्यांत वजनदार वाटते, की मग काढायचा तर दोन काढा. कोणत्याही फलाच्या व्यस्त फलासाठी, म्हणजे उत्तरावरून मूळ संख्या परत देणाऱ्या फलासाठी, माथ्यावर उणे एक लिहिणे ही सर्वत्र मान्य रीत आहे. सारणींनाही (मॅट्रिक्सनाही) तीच, समूहांच्या घटकांनाही तीच. साइनने एकट्याने तिच्यातून का बाहेर पडावे? घुसखोर साइन² आहे, हाकलायचे तर त्याला.

हे मला तत्त्वतः पटते आणि तरीही मी उलट मागणी करतो. एक कारण निव्वळ व्यवहाराचे आहे. साइन² क्ष + कॉस² क्ष = १ हे समीकरण ज्या प्रमाणात लिहिले जाते त्या प्रमाणात साइनचा साइन कोणी लिहीत नाही. वर्गांच्या संकलनांत, फूरिए श्रेणींत, प्रकाशाच्या तीव्रतेच्या सूत्रांत सगळीकडे साइनचे आणि कोसाइनचे वर्ग असतात, आणि प्रत्येक वर्गाला कंसांची एक जोडी वाढवली तर फळ्यावरच्या ओळी वाचणे जड जाईल. साइन² काढायला सांगितले तर कोणी ऐकणार नाही. खुद्द गाउस यांचे कोणी ऐकले नाही. उलट साइन⁻¹ सोडले तर गमावण्यासारखे काहीच नाही, कारण त्याचा पर्याय आधीपासून तयार, रुळलेला आणि प्रमाणित आहे. राशी आणि एककांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा गणिती चिन्हांविषयीचा भाग, म्हणजे आयएसओ ८०००० चा दुसरा भाग, २००९ मध्ये निघाला आणि २०१९ मध्ये सुधारला गेला. त्यात आर्कसाइन, आर्ककॉस, आर्कटॅन हीच नावे आहेत. गणिती मजकूर जुळवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या लाटेक प्रणालीत आर्कसाइनसाठी तयार आज्ञा आहे. सी आणि पायथन या संगणकभाषांत तेच नाव आखडून ‘ए-साइन’ असे येते. आपल्या पुस्तकातून बाहेर पडणारा विद्यार्थी उद्या जिथे जाईल तिथे त्याला आर्कच भेटणार आहे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. साइन⁻¹ हे लेखन व्यस्त फलाच्या सर्वसाधारण रीतीत बसते असे म्हणताना आपण एक गोष्ट नजरेआड करतो : साइनला त्याच्या संपूर्ण प्रांतावर व्यस्त फलच नाही. ते एकास-एक नाही. एकच किंमत ते अगणित कोनांना घेते. आपण त्याचा एक तुकडा कापतो, उणे पाय/२ पासून पाय/२ पर्यंतचा (पाय म्हणजे π, रेडियनमध्ये १८० अंश), आणि त्या तुकड्याचे व्यस्त फल घेतो. माथ्यावरचा उणे एक हे कापणे लपवतो. फ⁻¹ ने फ ला खोडून मूळची संख्या परत मिळते असे विद्यार्थी शिकलेला असतो, म्हणून साइन⁻¹ च्या आत साइन २ (२ रेडियन) दिसले की तो न थांबता उत्तर २ लिहितो. खरे उत्तर आहे पाय − २, म्हणजे सुमारे १.१४, कारण २ रेडियन हा कोन त्या कापलेल्या तुकड्याबाहेरचा आहे. चिन्ह त्याला सांगत होते की दोघे एकमेकांना खोडतात. आर्कसाइन हे नाव असे काहीच वचन देत नाही. एकक वर्तुळावरचा, ज्याचा साइन इतका आहे असा वर्तुळकंस, एवढेच ते म्हणते, आणि ‘असे तर पुष्कळ आहेत, यांतला कोणता?’ हा योग्य प्रश्न विचारायला जागा ठेवते.

तो प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण त्याचे उत्तर सगळ्या पुस्तकांत एक नाही. साइन, कॉस आणि टॅन यांच्याबाबत बहुतेक एकमत आहे, पण आर्ककॉट घ्या. उणे एकाचा आर्ककॉट किती? काही ग्रंथांत ३ पाय/४, काहींत उणे पाय/४. जे पहिले उत्तर देतात त्यांनी व्याप्ती ० ते पाय अशी धरलेली असते. त्यांचा फायदा असा की आलेख कुठेही तुटत नाही आणि कोणत्याही क्ष साठी आर्कटॅन व आर्ककॉट यांची बेरीज पाय/२ येते. जे दुसरे उत्तर देतात त्यांना ‘क्ष चा आर्ककॉट म्हणजे १/क्ष चा आर्कटॅन’ हे नाते सर्वत्र हवे असते, आणि त्याची किंमत म्हणून शून्यापाशी आलेखात पाय एवढी उडी पडते. दोन्ही पक्ष शहाणे आहेत. आर्कसेकचे आणखी गमतीचे आहे. उणे दोनाचा आर्कसेक कोणी २ पाय/३ घेतो, तर कोणी तिसऱ्या चरणात जाऊन ४ पाय/३ घेतो, आणि ही दुसरी निवड केवळ एवढ्यासाठी की विकलनाच्या सूत्रात क्ष भोवतीच्या केवलमूल्याच्या दोन उभ्या रेघा वाचाव्यात. एका सूत्रातल्या दोन रेघांसाठी फलाची व्याप्ती हलवावी हे मला तरी अघोरी वाटते, पण ज्यांना ते आवडते त्यांनी खुशाल करावे. फक्त ते छापावे. एका पुस्तकाची सूत्रे पाठ करून दुसऱ्या पुस्तकावर बेतलेल्या परीक्षेला बसणाऱ्याचे चिन्ह चुकते तेव्हा तो स्वतःला दोष देतो, आणि खरे कारण त्याला कधीच कळत नाही.

कंसांबद्दल थोडेच सांगतो. साइनपुढे कंस नको ही सवय ऑयलर यांच्या काळापासूनची आहे आणि एकाक्षरी कोन असेल तर ती निरुपद्रवी आहे. पण साइन क्ष/२ हे साइनच्या आतले अर्धे की बाहेरचे, साइन क्ष + १ मधला १ कुठला, हे जिथे वाचकाला अर्थावरून ताडावे लागते तिथे कंस घालणे हे छापणाऱ्याचे काम आहे. संगणक कंसाशिवाय साइन घेत नाही, आणि याबाबतीत त्याचा हट्ट योग्य आहे.

मग प्रत्येकाने आपापल्या मनासारखी चिन्हे घडवावीत काय? भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी शाळकरी वयात तेही करून पाहिले होते. साइन, कोसाइन आणि टॅन्जंटसाठी त्यांनी स्वतःची एकेक खूण बनवली. साइनची खूण ग्रीक सिग्मासारखी होती. तिचा वरचा हात वर्गमूळाच्या रेघेसारखा लांब ओढून ते कोनावर छप्पर घालत, म्हणजे कोन कुठे संपतो याचा वादच उरत नसे. व्यस्त साइनसाठी त्यांनी तीच खूण आरशात पाहावी तशी उलटी काढली, कारण उणे एकाने त्यांना व्यस्तांकच दिसे आणि पुस्तकांतली रीत त्यांना वेडगळ वाटे. एका मित्राला काही समजावून सांगताना ही चिन्हे त्याला वाचता येईनात, तेव्हा त्यांनी ती सोडून दिली. चिन्हे चार लोकांत चालावी लागतात हे खरेच, आणि म्हणूनच हे पत्र एकेका शिक्षकाला न लिहिता आपल्याला लिहितो आहे. शिक्षकाने वर्गात आर्कसाइन लिहिले आणि परीक्षेत साइन⁻¹ आले, तर नुकसान त्याच्या विद्यार्थ्यांचे होते. बदल वरून, छापील पानावरूनच व्हावा लागेल.

गणनयंत्राच्या कळांवर साइन⁻¹ छापलेले असते, त्याचे काय करायचे, असे आपण विचाराल. त्या यंत्राकडे जरा निरखून पाहावे. बहुतेक शास्त्रीय गणनयंत्रांवर क्ष⁻¹ अशीही एक कळ असते आणि ती दाबली की पडद्यावरच्या संख्येचा व्यस्तांक मिळतो. ०.५ ही संख्या घेऊन एका उणे एकाने २ मिळतात, दुसऱ्याने ३० अंश, आणि या दोन कळांमध्ये बोटभराचे अंतर असते. कळांची नावे बदलणे आपल्या हाती नाही. मात्र ‘यंत्रावरच्या या कळेवर जे छापले आहे त्याला आपण आर्कसाइन म्हणतो’ हे एक वाक्य पुस्तकात घालणे आपल्या हाती आहे, आणि नवे चिन्ह शिकवण्यापेक्षा त्याला कमी जागा लागते.

जुने ग्रंथ वाचता यावेत म्हणून साइन⁻¹ ची ओळख पुस्तकात राहावी, याला माझा विरोध नाही. व्यस्त फलांच्या प्रकरणाच्या आरंभी एका परिच्छेदात ते द्यावे, त्याचा धोका सांगावा आणि पुढे सर्वत्र आर्क वापरावे. त्याच पानावर सहाही व्यस्त फलांची व्याप्ती एका तक्त्यात यावी, आणि आर्ककॉट व आर्कसेक यांची व्याप्ती अन्यत्र वेगळी धरतात हेही तिथे लिहावे. बदलाच्या काळात दोन्ही लेखनांना गुण द्यावेत. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी मात्र आवृत्ती बदलण्याची वाट पाहू नये. ‘साइन⁻¹ ही खूण व्यस्त फलासाठी वापरली आहे, आर्ककॉटची व्याप्ती ० ते पाय धरावी’ अशी एक ओळ सूचनांत घालायला कोणाची मंजुरी लागत नाही, आणि येत्या परीक्षेपासून ती घालता येईल.

या विनंतीवर आपला निर्णय काहीही झाला तरी तो कारणांसह प्रसिद्ध करावा. साइन⁻¹ ठेवायचेच असे ठरले, तर साइन⁻² चा अर्थ आपल्या पुस्तकांत काय असेल, तेही त्यात लिहावे.

कळावे. लोभ असावा.

आपला नम्र,
गणिताचा एक शिक्षक